भिंतीलगतचा पांढरा माग

माझे पती गेले तेव्हा मे महिना संपत आला होता. छातीत दुखतं म्हणाले, रिक्षात बसवलं, आणि रिक्षा धामणकर नाक्याच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडीच्या खोक्याचं झाकण फाडलं, त्याची पांढरी बाजू वर केली आणि यादी लिहायला बसले. सासूबाई दारातून बघत होत्या.

"कसली यादी करतेस? घरात लगीन हाय का?"

"अम्मा, यादी केली नाही तर मी रडत बसेन. आणि मी रडत बसले तर डाळ कोण घालणार?"

"डाळ मी घालते. तू रड."

मी थोडा वेळ रडले आणि मग यादी पुरी केली. थोरलीचं कॉलेज, धाकटीचे शाळेचे बूट, रेशनकार्डावरचं नाव, पावसाआधी छपराचे पत्रे, असं बरंच त्यात होतं. पण सगळ्यात वर मी लिहिलं होतं, "पेटी भरणे." बाकीची कामं एकेक करून उरकली. या एका कामासाठी मात्र मला भांडावं लागलं.

आधी पेटीचं सांगते.

आमचं घर आणि आमचा कारखाना यांच्यामध्ये एकच भिंत. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली चार माग, त्यापेक्षा मोठं काही नाही. त्यांपैकी तीन माग व्यापाऱ्यांचं कापड मजुरीवर विणायचे. व्यापारी सूत देणार, आम्ही कापड देणार. चौथा, भिंतीला लागून असलेला माग, माझ्या पतींनी स्वतःसाठी ठेवला होता. त्यावर फक्त पांढरं, जाडसर सुती कापड निघायचं. त्यातून चादरी आणि पंचे व्हायचे, ते बाजारात जायचे. पण प्रत्येक नव्या बीमचा, म्हणजे उभं सूत गुंडाळलेल्या रुळाचा, पहिला तागा विकायचा नाही, असा त्यांचा नेम होता. तो तागा घरात यायचा, सोडा घालून उकळून त्याची खळ काढली जायची, आणि वाळवून, घडी घालून पलंगाखालच्या लोखंडी पेटीत ठेवला जायचा. ते कापड कफनासाठी असायचं. ज्याला लागेल त्याने यावं आणि घेऊन जावं.

हा नेम आमच्या लग्नाच्या आधीचा. त्यांच्याकडे उत्तर प्रदेशातून आलेला एक तरुण विणकर होता. तो तापाने गेला तो नेमका शुक्रवारी. भिवंडीत शुक्रवारी मागांना सुट्टी, दुकानंही बंद. त्या मुलाचं इथे कुणी नव्हतं. खोलीत राहणारे सोबती कापडासाठी दारोदार फिरून आले. सगळ्या गावात कापड विणलं जातं आणि एका मयताला कापड मिळत नाही, हे माझ्या पतींना सहन झालं नाही. ते कारखान्यात गेले, मागावरचं व्यापाऱ्याचं कापड कात्रीने कापलं आणि देऊन टाकलं. व्यापाऱ्याशी त्यांचं त्यावरून वाजलं, मग मिटलं. पुढच्या महिन्यात त्यांनी तो माग मजुरीतून काढून घेतला.

मागायला आलेल्याला त्यांनी कधी जात-धर्म विचारला नाही. आमच्याकडे माल चढवणारा एक हमाल होता, शेलार गावचा. त्याचा बाप गेला तेव्हा तो दारात घुटमळत उभा राहिला. म्हणाला, "शेट, आमच्यात जाळत्यात. चालंल का?" हे आतून कापड घेऊन आले आणि म्हणाले, "पांढरं आहे ते. त्याच्यावर कुणाचं नाव विणलेलं नाही."

आता आमच्या भिंतीतली खिडकी. मी खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन आले तेव्हा मागांच्या खडखडाटाने दचकून माझ्या हातातली भांडी पडायची. सासूबाई म्हणायच्या, "ही आठ दिवसांत घरातली सगळी कपबशी संपवणार."  पुढच्या शुक्रवारी माझ्या पतींनी छिन्नी-हातोडा घेतला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला चहाचा ट्रे जाईल एवढी खिडकी पाडली. "ज्याचा आवाज येतो ते दिसलं की भीती जाते," एवढंच म्हणाले. बायकोसाठी भिंत फोडली म्हणून सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या. त्या खिडकीतून इकडून चहा जायला लागला, आणि हळूहळू तिकडून कापड यायला लागलं. ते कापड मी उजेडात धरून बघायची. कुठे धागा तुटला आहे, कुठे वीण विरळ पडली आहे, ते माझ्या डोळ्यांना पटकन दिसायचं. माझे पती कारागिरांना सांगायचे, "घरातून पास झाल्याशिवाय तागा बांधायचा नाही." माझं कौतुक त्यांनी माझ्या तोंडावर कधी केलं नाही. ते असं भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

ते गेले तेव्हा पेटीत एकच तागा होता. मीच तो काढून दिला. एका टोकाला धागा निसटलेला होता. विणला तेव्हा मी तो दाखवला होता, तर म्हणाले होते, "मयताला दिसतं का?" मी म्हटलं होतं, "मला दिसतं." कफन शिवणाऱ्या बाईंना मी ते टोक दाखवलं आणि आतल्या बाजूला घ्यायला सांगितलं. त्यानंतर पेटी रिकामी झाली. म्हणून यादीत ते काम पहिलं होतं.

आमच्याकडे नवरा गेला की बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते. या काळात घराबाहेर पडायचं नाही, नटायचं नाही आणि परक्या पुरुषासमोर जायचं नाही. परका म्हणजे ज्याच्याशी लग्न होऊ शकतं असा कुणीही. त्यात माझा धाकटा दीर आला आणि कारखान्यातले एक म्हातारे कारागीरही आले. त्यांना सगळे चाचा म्हणत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ते मला "दुल्हन" म्हणत, आणि मी दोन मुलींची आई झाले तरी त्यात बदल झाला नव्हता.

इद्दत मला मान्य होती. पण खिडकी होती, आणि तिला पडदा लावता येत होता. मी पडदा लावला आणि कारखान्याचं काम तिथून बघायचं ठरवलं. सासूबाईंना ते पटेना. सुनेचा आवाज परक्याच्या कानावर कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला. त्या खिडकीशी स्टूल टाकून बसतील. मी त्यांना सांगायचं आणि त्यांनी पलीकडे सांगायचं. मधला पडदा पातळ सुती होता आणि दोन्ही बाजूंना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं, त्याची चर्चा कुणी केली नाही.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "अम्मा, चाचांना विचारा, तीन मागांचा आवाज येतोय. भिंतीलगतचा का बंद आहे?"

"ओ मियाँ," सासूबाई ओरडल्या, "ये पूछती है, भीत का लूम काय को बंद है?"

"सुन लिया अम्मा, सुन लिया."

"सुना तो जवाब देव."

"दुल्हन से कहिए, मालिक के हाथ का लूम है. उस पे हमारा हाथ नहीं उठता."

"तो म्हनतो हात उठत न्हाय," सासूबाईंनी मला सांगितलं, जणू मी दुसऱ्या गावात बसले होते. मग स्वतःची पदरची भर घातली, "आनि बरोबर हाय त्याचा. हिकडं घरात कुरान वाचायचा आनि भिंतीला खटखट. ऱ्हाऊ दे बंद."

माग आदराने बंद ठेवलाय हे मला कळलं. आदर किती वाढलाय ते थोरलीकडून कळलं. ती चहाचे कप आणायला पलीकडे गेली होती. तिने सांगितलं की काकाने मागावर हिरवी चादर घातली आहे, चादरीला जरीची किनार आहे, वर मोगऱ्याची माळ आहे, आणि धोटा जिथे येऊन थांबतो त्या खोबणीत उदबत्ती खोचली आहे. येणारा-जाणारा कारागीर मागाला हात लावून तो हात डोळ्यांना लावतो.

मी दिराला बोलावणं पाठवलं. तो आला आणि खिडकीपलीकडे उभा राहिला. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. भावावर त्याचा फार जीव होता. चादर त्याने स्वतः नाक्यावरून आणली होती.

मी म्हटलं, "अम्मा, त्यांना सांगा, बीमवरच्या सुताला खळ आहे. पावसाळा तोंडावर आलाय. माग थांबला तर सूत सडेल."

"भाबी," दीर थेट मलाच म्हणाला, "भाईची निशाणी हाय ती. ऱ्हाऊ दे इद्दत सरेपर्यंत."

"आनि सरल्यावर?" हे सासूबाईंनी विचारलं. मी विचारणारच होते.

"सरल्यावर चारी मागांवर टेरिकॉट टाकतो. नाक्यावरचा व्यापारी तयार हाय. सफेद सुती आता कोन नेसतो, अम्मा?"

"मुडदे नेसतात," सासूबाई म्हणाल्या.

दीर म्हणाला, "त्यांच्यासाठी दुकानातून आणता येतं."

मला त्याचा राग आला, पण त्यापेक्षा जास्त कोडं पडलं. भावाची आठवण म्हणून तो माग झाकून ठेवणार, आणि भावाने ज्यासाठी तो माग ठेवला ते कापड दुकानातून आणणार. मी पडद्याआडून सांगितलं की मागाला फुलं नकोत, सूत हवं. त्याने "बघू" म्हटलं. बाईमाणूस दुःखात आहे, थोड्या दिवसांनी शांत होईल, असं त्या "बघू"त होतं. सासूबाईही त्या वेळी माझ्या बाजूने नव्हत्या. माग बंद राहिला.

पाऊस सुरू झाला. पावसाळ्यात माझे पती बीमखाली मोठा बल्ब लावून ठेवायचे, म्हणजे सुताला ऊब राहते आणि खळ ओली पडत नाही. चादरीखाली बल्ब कोण लावणार? मी दोनदा निरोप दिला. दीर म्हणाला, चादर पेटली तर? ते त्याचं बरोबर होतं. पण चादर काढायचं त्याच्या डोक्यात येत नव्हतं.

मग वास यायला लागला. शिळ्या पेजेसारखा आंबट वास, खिडकीच्या पडद्यातून स्वयंपाकघरात. सासूबाई म्हणाल्या गटाराचा आहे. दिराने गटार साफ करून घेतलं. वास तसाच राहिला. मी खळीचा वास ओळखते, मी तिला वर्षानुवर्षं उकळून काढत आले होते. मी रोज सकाळी सांगत होते आणि रोज सकाळी सासूबाई माझं बोलणं पलीकडे पोचवत होत्या, पण मधल्या मधे त्यातला जोर काढून घेत होत्या. "खळ सडतेय, आज चादर काढा" असं मी म्हणायचे आणि पलीकडे जायचं, "ती म्हनते, जरा बघा."

"अम्मा, मी असं म्हटलं नाही."

"मी तुझ्या भल्यासाठीच निरोप सांगते. लोकं म्हनतील, नवरा जाऊन महिना न्हाय झाला आनि हिला कारखाना सुचतो."

"मला कारखाना नाही सुचत, पेटी सुचतेय."

 त्यांचाही मुलगा गेला होता. त्या दिवसभर तसबीह ओढत बसायच्या आणि मधेच माळ थांबवून भिंतीकडे बघायच्या. माग बंद आहे तोवर मुलगा नुकताच उठून बाहेर गेलाय असं त्यांना वाटत असावं, हे मला पुष्कळ नंतर सुचलं.

जुलैत, दुपारी, कारागिरांच्या खोल्यांमधून एक माणूस आला. त्यांच्यातला एक जण सकाळी शिफ्ट संपवून झोपला तो उठलाच नव्हता. तो माणूस नेहमीच्या सवयीने कारखान्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "मालिक के यहाँ से कपड़ा मिल जाता है." मालक गेल्याचं त्याला माहीत होतं. पण कापडही गेलं असेल हे त्याच्या मनातही नव्हतं.

पेटी रिकामी होती. मी पडद्याशी गेले आणि सासूबाईंची वाट न बघता बोलले, "चाचा, भिंतीच्या मागावर विणलेलं कापड गुंडाळलेलं आहे. ते कापून द्या."

 पलीकडे चादर ओढल्याचा आवाज आला. मग चाचा म्हणाले, "दुल्हन..." आणि अम्मांना बघायला सांगितलं.

सासूबाईंनी पडदा बाजूला करून डोकं आत घातलं. मी मागे सरकले, पण एवढं दिसलं. कापडावर काळ्या ठिपक्यांची बुरशी पसरली होती, शाई शिंपडल्यासारखी. सुतावरही. उदबत्तीची राख आणि कुजलेला मोगरा त्यात मिसळला होता. अशा कापडात कुणी जनावरसुद्धा पुरलं नसतं.

"दुकानातून आणतो," दीर पलीकडून पुटपुटला. त्याचा आवाज उतरला होता.

तो माणूस म्हणाला, "मैं देख के आया. बत्ती गुल है, बारिश है, नाके पे सब शटर गिरे हैं."

सासूबाई उठल्या. त्या आपल्या खोलीत गेल्या, त्यांच्या ट्रंकेचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, आणि त्या एक पांढरं गाठोडं घेऊन बाहेर आल्या. ते काय आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. सासरे असताना दोघं बोटीने हजला गेले होते. तिथून सासूबाईंनी स्वतःचं कफन आणलं होतं, जमजमच्या पाण्यात भिजवून, वाळवून. आमच्याकडे वयस्क बायका असं कफन आणून जपून ठेवतात. सासूबाई दरवर्षी रमजानच्या आधी ते उन्हात घालायच्या आणि त्या दिवशी अंगणात कुणाला फिरकू द्यायच्या नाहीत. कावळ्यालासुद्धा नाही.

"अम्मा, हे नको," दीर म्हणाला.

"का? बाईचा हाय, पाच कपडे हायत. मरदाला तीन लागतात. ओढनी आनि छातीचा पट्टा काढून घेते." त्या तिथेच खाली बसल्या, गाठोडं सोडलं आणि दोन तुकडे काढून बाजूला ठेवले. बाकीचं खिडकीतून त्या माणसाच्या हातात दिलं. "जा, नीट ने. भिजवू नको."

तो गेल्यावर त्या बराच वेळ ते दोन तुकडे मांडीवर घेऊन बसल्या. मग एकदम वळल्या आणि खिडकीतून अशा ओरडल्या की तिन्ही मागांवरचे कारागीर पुढे आले.

"माग हाय का पीर हाय? चादर घालतात! उदबत्ती लावतात! माझा पोरगा काय त्याच्यात पुरलाय? काढा ती फुलं. आनि आता मी मेले तर मला काय गोनपाटात गुंडाळनार? चालू करा तो माग. माझ्यासाठी इना."

चाचा म्हणाले, "अम्मा, दुल्हन से पूछ के बताइए, कैसे शुरू करें."

"तीच सांगंल. तिला तोंड हाय."

त्या दिवसापासून मधला निरोप्या बंद झाला. सासूबाई स्टुलावर बसून राहिल्या, पण फक्त हजर म्हणून.

मी एकेक काम सांगत गेले. विणलेलं कापड कापून जाळा. चादर धुऊन दिराच्या घरी पाठवा. बीमखाली बल्ब लावा, लाइट येईपर्यंत शेगडी ठेवा आणि तिच्याजवळ एक माणूस बसवा. उभे धागे ज्यातून जातात त्या लोखंडी फणीला गंज चढला असेल, घासलेटाचं फडकं फिरवा. बीमवरचे वरचे फेरे कुजले असतील, आतले चांगले असणार. पण कुजलेलं सूत कापायचं नाही, कापलं तर सगळे धागे पहिल्यापासून ओवावे लागतील. ते विणूनच बाहेर काढायचं.

"दुल्हन, हर हाथ पे टूटेगा," चाचा म्हणाले.

"तुटेल तिथे जोडा. तुम्ही किती वर्षं तेच करताय."

ते हसले. माझे पती गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या बाजूने हसण्याचा आवाज आला. लाइट आल्यावर चाचांनी मागावर हात ठेवला, बिस्मिल्ला म्हणाले, आणि माग चालू झाला. थोडा चालायचा, धागा तुटायचा, थांबायचा. पुन्हा चालायचा. खराब सूत संपायला बरेच दिवस लागले. त्या सगळ्या दिवसांत चाचांनी त्या मागाला दिलेल्या शिव्या मी इथे लिहीत नाही. सासूबाई म्हणायच्या, "कुरान वाचताना हे ऐकायचा बाकी होता."

दिराशी बोलणं उरलं होतं. मी विचार करून ठेवला होता. चारही माग सुतीवर ठेवायचा हट्ट धरला तर कारखाना चालणार नाही हे मलाही दिसत होतं. बाजार टेरिकॉटकडे चालला होता आणि माझ्या दोन मुली शिकायच्या होत्या. मी त्याला सांगितलं, "तिन्ही मागांवर टेरिकॉट टाका. व्यापाऱ्याशी तुम्हीच बोला, मी मधे येणार नाही. भिंतीलगतचा माझा. त्याच्यावर कोणतं सूत लागेल आणि काय निघेल ते मी ठरवेन."

"भाबी, एका मागावर काय सुटनार?"

"सुटायला नाही, द्यायला ठेवलाय."

 तो म्हणाला, "मी चादर घातली ती वाईटाने न्हाय घातली."

"मला माहीत आहे. चांगली चादर आहे, जरीची. पुतणीच्या रुखवतात ठेवा."

सप्टेंबरात चांगल्या सुताचा पहिला तागा खिडकीतून आला. मी तो उजेडात धरला. दोन ठिकाणी वीण विरळ होती. चाचांना ते सांगितलं, त्यांनी कबूल केलं. मग सासूबाईंनी तो ओढून घेतला, बोटांनी चाचपला आणि परत माझ्या मांडीवर टाकला.

"मला नको. गाठीच गाठी हायत. वर जाऊन काय सांगू, सुनेने सुतळी नेसवली?"

तो पेटीत गेला. पुढच्या आठवड्यात लागला. त्यानंतरचा त्यांना आवडला. उकळून, धुऊन, त्यांनी तो स्वतःच्या ट्रंकेत ठेवला आणि कुलूप लावलं. मी मनात म्हटलं, झालं, आता त्यांचा विषय मिटला.

इद्दत संपली त्या दिवशी मी आंघोळ केली, धुतलेली साडी नेसले आणि पहिल्यांदा दारातून कारखान्यात गेले. चाचा उठून उभे राहिले. मी त्यांना बसायला सांगितलं, कारण धागा तुटला होता.

त्यानंतरची वर्षं कामातच गेली. तीन माग टेरिकॉटवर चालले, दिराने ते चांगले चालवले, आणि नव्वदीच्या सुमाराला त्याने शेजारचा गाळाही घेतला. माझ्या मागाचे सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा भंगारात निघालेला तसाच एक माग मी विकत घेतला आणि मागच्या पडवीत खोलून ठेवला, म्हणजे लागेल तो भाग काढता येईल. थोरली नोकरीला लागली, धाकटीचं लग्न अकलोलीकडच्या घरात झालं. चाचा म्हातारपणाने गावी परतले. जाताना त्यांनी एक तागा मागून घेतला, स्वतःसाठी. मी तो तीनदा तपासून दिला.

सासूबाईंच्या ट्रंकेतला तागा मात्र कधी टिकला नाही. पेटी रिकामी असताना कुणी आलं की त्या स्वतःचा काढून द्यायच्या. आणि मग मला म्हणायच्या, "माझा दुसरा इन." दुसरा झाला की नावं ठेवायच्या, तिसरा झाला की घ्यायच्या, आणि चार-सहा महिन्यांत तोही जायचा. एकदा मी म्हटलं, "अम्मा, तुमचा तरी ठेवा." त्या म्हणाल्या, "मी काय उद्या चाललेय? तुझा माग हाय ना."

त्या गेल्या त्या एका हिवाळ्यात, सकाळी, फजरची नमाज पढून. पेटीत काही नव्हतं, ट्रंकेतही नव्हतं. शेवटचा तागा त्याच आठवड्यात स्टँडमागे राहणाऱ्या एका बाईसाठी गेला होता.

दीर म्हणाला, "भाबी, नाक्यावरून आणू का? आता चांगलं मिळतं."

"नको."

मी कारखान्यात गेले. चाचांच्या जागी आता दुसरा कारागीर होता, तरुण, बिहारचा. मी त्याला माग थांबवायला सांगितलं. मागावर जेवढं विणलेलं होतं ते उलगडून खिडकीच्या उजेडात बघितलं. अम्मांनी नावं ठेवावीत असं त्यात काही सापडलं नाही. तरी मी दोनदा बघितलं. मग कात्री घेऊन कापलं. मुलींनी ते गरम पाण्यात धुतलं आणि इस्त्रीने वाळवलं.

जनाजा निघाला. कारखान्यातले सगळे पुरुष खांदा द्यायला गेले. बिहारच्या कारागिराला मात्र मी थांबवलं. दीर दारातून मागे वळला.

"भाबी, आज तरी बंद ठेवू. तीन दिवस. लोकं काय म्हनतील?"

"तुमचे तीन बंद ठेवा. हा चालू राहील."

 त्याने मान हलवली आणि लोकांना गाठायला भरभर निघाला.

कारागिराने कापलेल्या ठिकाणचे धागे ताणून पुढच्या रुळाला अडकवले. बटणावर बोट ठेवून त्याने विचारलं, "घर में लोग बैठे हैं, अभी चलाऊँ?"

"चलाओ," मी म्हटलं. "पेटीत काहीच नाही."

त्याने बटण दाबलं. मी घरात गेले आणि चहाचं आधण वाढवलं, कारण बायका अजून येतच होत्या.